पत्र कोणाचे, मुलूख कोणाचा?

पत्र हा आपल्याकडे सर्वांत निरुपद्रवी मानला गेलेला वाङ्मयप्रकार आहे. कादंबरी खोटे बोलू शकते, आत्मचरित्र फुगवता येते. पण माणूस घरी बायकोला, भावाला, आईला लिहितो तेव्हा मात्र तो खरेच बोलतो, अशी प्रस्थापित समीक्षेची एक भाबडी समजूत आहे. म्हणून पत्रांची समीक्षा होत नाही, पत्रांचे कौतुक होते. त्यांतला ओलावा, साधेपणा, सहजता यांवर लेख लिहिले जातात आणि विषय संपतो.

मला या समजुतीशी भांडण मांडायचे आहे. पत्र कागदावर उतरण्यापूर्वी तीन गोष्टी जमून याव्या लागतात : लिहिता हात, वाचता येणारे घर आणि त्या घराला पत्ता. या तिहींपैकी एक जरी नसली तरी माणूस पत्रवाङ्मयातून गळतो. त्याला दुःख नव्हते म्हणून नव्हे, किंवा घरची आठवण येत नव्हती म्हणूनही नव्हे. तेव्हा पत्रांचा संग्रह हातात घेताना त्यात काय लिहिले आहे एवढेच पाहून भागत नाही. ज्यांना लिहिताच आले नाही ती माणसे त्या वेळी त्याच जागी कुठे उभी होती, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न तपासण्यासाठी मी कॅलिफोर्नियातल्या सोनेशोधकांनी घरी धाडलेली पत्रे निवडली आहेत. निवडीला दोन कारणे आहेत. एक, सामान्य माणसाचे वाङ्मय म्हणून अमेरिकेने या पत्रांचा मोठा अभिमान वाहिला आहे. शेतकरी, सुतार, शाळामास्तर, दुकानातले कारकून अशा माणसांनी ती लिहिली. सामान्य माणसाचे साहित्य मागणारे आपण. आपण ती दुर्लक्षून चालणार नाही. दुसरे कारण असे की, गोरा, काळा, चिनी, मेक्सिकन आणि तिथला मूळ रहिवासी अशी सर्व माणसे त्या मुलखात काही मैलांच्या अंतरात, एकाच नदीची रेती उपसत उभी होती. कोणी लिहिले आणि कोणाला लिहिता आले नाही, हे इतके उघडे दुसरीकडे क्वचितच दिसते.

१

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जॉन सटरच्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, तहान्वये मेक्सिकोने कॅलिफोर्नियाचा मुलूख अमेरिकेला दिला. १८४९ साली सुमारे नव्वद हजार माणसे तिथे येऊन थडकली आणि १८५५ पर्यंत हा आकडा तीन लाखांच्या घरात गेला. काम म्हणाल तर आपल्याकडच्या झारेकऱ्याचे. सराफकट्ट्यावरची धूळ नि गटारातला गाळ पाटीत धुऊन जो सोन्याचे कण वेगळे करतो, त्याला आपण खालचा समजतो. तिथे हेच काम करायला सुखवस्तू घरांतली पोरे कंबरभर गार पाण्यात उभी राहिली आणि त्यांचे शौर्य म्हणून त्याचा इतिहास झाला. श्रमाची प्रतिष्ठा श्रमात नसते, श्रम करणाऱ्याच्या जन्मात असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या माणसांनी पत्रे लिहिली ती हजारोंनी. १८५१ पर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागाकडे साध्या पत्राला ४० सेंट टपालखर्च पडे. पत्र बोटीने पनामामार्गे जाई, उत्तर यायला महिने लागत. सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीसमोर इतक्या लांब रांगा लागत की काही लोक रांगेतली आपली जागा विकून पैसे कमवीत. डोंगरातल्या तळांवर पत्र पोचवून देणारे खाजगी हरकारे एकेका पत्राला डॉलर, कधी त्याहून जास्त घेत. पुढे पुढे खाणतळाची चित्रे छापलेले पत्राचे कागदच बाजारात आले. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याने चित्र धाडावे. म्हणजे पत्र हा तिथे नुसता भावनेचा उमाळा नव्हता. तो एक धंदा होता, एक यंत्रणा होती आणि तिचे भाडे ज्याला परवडे त्याचाच आवाज घरापर्यंत पोचत होता.

२

या पत्रांतला उत्तम नमुना म्हणून विल्यम स्वेन या माणसाची पत्रे घेतो. न्यूयॉर्क राज्यातल्या यंग्जटाउन गावचा हा तरुण शेतकरी. १८४९ च्या एप्रिलमध्ये बायको सॅब्रिना, तान्ही मुलगी आणि भाऊ जॉर्ज यांना मागे ठेवून तो निघाला, खुष्कीच्या मार्गाने खंड ओलांडले, फेदर नदीच्या खोऱ्यात रेती धुतली आणि १८५१ च्या आरंभी जवळजवळ रिकाम्या हाताने परत गेला. जे. एस. हॉलिडे यांनी त्याची रोजनिशी व पत्रे १९८१ साली 'द वर्ल्ड रश्ड इन' या ग्रंथात सिद्ध केली. या ग्रंथाचे मोठेपण असे की, त्यात घराकडून गेलेली उत्तरेही आहेत. सॅब्रिनाचा एकटेपणा, जॉर्जने सांभाळलेली शेती, हे सारे त्यात आहे. सोने शोधणाऱ्याच्या पाठीमागे घर राखणारी बाई असते आणि तिच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडत नाही, हे हा ग्रंथ आपोआप दाखवून देतो. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याची मनीऑर्डर गावी येण्याची वाट पाहणारी आपली आई-आजी ज्याने पाहिली आहे, त्याला सॅब्रिना परकी वाटणार नाही.

मला या पत्रांचा प्रामाणिकपणा मान्य आहे. माझा आक्षेप त्यांतल्या 'घर' या शब्दावर आहे.

या प्रकारच्या पत्रांत घर नेहमी तिकडे असते, दूर पूर्वेला. इथे असतात ते फक्त 'खणतीचे तळ'. इथे पैसा मिळवायचा, जमले तर लवकर, आणि परत फिरायचे. लिहिणाऱ्याच्या मनात हे इतके पक्के आहे की, इथला डोंगर, इथली नदी, इथली ओकची झाडे ही कोणाचे घर असू शकतील ही शंकाही त्याला शिवत नाही. पण फेदर नदीचे खोरे मैदू लोकांचे घर होते. कोलोमाचा प्रदेश निसेनान लोकांचा होता. ज्या गिरणीच्या पाटात सोने सापडले, ती ज्याची होती त्या सटरची सारी वसाहत मूळ रहिवाशांच्या श्रमावर उभी होती, आणि या श्रमिकांना तो जनावरांसारखे लाकडी डोणीतून अन्न खाऊ घाली, असे पाहुण्यांनीच लिहून ठेवले आहे. ओकच्या ज्या फळांवर त्यांचे वर्षाचे अन्न चाले ती झाडे तोडली गेली, मासे देणाऱ्या नद्या गाळाने भरल्या. घरी गेलेल्या पत्रात मात्र हा सारा 'रानटी मुलूख' असतो. दुसऱ्याच्या घराला रान म्हटल्याशिवाय तिथे तळ ठोकता येत नाही. हे म्हणण्याचे काम पत्रांनी केले, तेही अत्यंत साध्या, प्रेमळ, घरगुती भाषेत. म्हणूनच ते पचले.

३

आता वाङ्मयीन गुणांच्या दृष्टीने सर्वांत गाजलेली पत्रे घेऊ. लुईस क्लॅप ही सुशिक्षित बाई डॉक्टर नवऱ्याबरोबर फेदर नदीवरच्या रिच बार आणि इंडियन बार या तळांवर राहिली. सप्टेंबर १८५१ ते नोव्हेंबर १८५२ या काळात तिने मॅसॅच्युसेट्समधल्या बहिणीला तेवीस पत्रे लिहिली. 'डेम शर्ली' या टोपणनावाने ती १८५४-५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पायोनियर' मासिकात छापली गेली.

बाईची नजर तल्लख आहे. पुरुषांनी रंगवलेला पराक्रम ती सहज खरवडून काढते. दारू, जुगार, चिखल, अपघात, रिकामे खिसे असे सारे तिच्या पत्रांत आहे. तळावरच्या गोऱ्यांनी परकीयांना तिथे खणण्याची बंदी केली, स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांना जाहीर फटके मारले, जमावाने न्यायनिवाडा करून माणसे फासावर चढवली, हेही तिने लिहिले आणि त्याबद्दल खेद व्यक्त केला. तिच्या काळात एवढे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण हीच नजर खाली वळली की तिची जात बदलते. नेड नावाचा कृष्णवर्णी आचारी तळावर आहे. तो सारंगीसारखे फिडल वाजवतो. तो पत्रात येतो तो गंमत म्हणून. त्याचे बोलणे, त्याचा दिमाख हे सारे बहिणीला हसवण्यासाठी आहे. हा माणूस इथे कसा आला, त्याच्या मागे कोण आहे, त्याला पत्र येते का, हे बाई विचारत नाही. मूळ रहिवासी स्त्रिया टोपल्यांत रानातले बी झाडून गोळा करताना तिला दिसतात. ती टोपलीचे कौतुक करते, पण बाईकडे कुतूहलाच्या आणि किळसेच्या मधल्या कुठल्या तरी जागेवरून पाहते. सहानुभूती आहे, पण ती ओळखीच्या माणसांपुरती. मध्यमवर्गीय मानवतावादाची हीच मर्यादा आपण मराठी साहित्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दलित पात्र येते, कथेत थोडा रंग भरते, वाचकाच्या डोळ्यांत पाणी किंवा ओठांवर हसू आणते आणि निघून जाते. त्याला स्वतःचा पत्ता नसतो.

इथे मला सावित्रीबाई फुले यांचे १८६८ चे पत्र आठवते. तेही घरी, जोतीरावांना लिहिलेले. ब्राह्मण मुलगा आणि महार मुलगी यांचा संबंध उघडकीस आला, गाव त्यांना मारायला निघाला, तेव्हा सावित्रीबाई मध्ये पडल्या, त्यांचा जीव वाचवला आणि त्या दोघांना जोतीरावांकडे धाडून दिले. जमावाच्या न्यायाचे वर्णन दोन्ही बायकांच्या पत्रांत आहे. एकीने जे पाहिले ते लिहिले. दुसरीने जे केले ते लिहिले. पत्राचे सौंदर्य कशात आहे, हे ठरवताना हा फरक जमेस धरायचा की नाही? माझ्या मते धरलाच पाहिजे. शैलीचा तराजू लावला तर शर्लीचे पारडे जड होईल. पण ज्या तराजूत माणसाचा जीव वजनात धरला जात नाही, तो तराजू आपला नव्हे.

४

काळ्यांनी पत्रे लिहिलीच नाहीत असे नाही. पीटर ब्राउन नावाच्या माणसाने १ डिसेंबर १८५१ रोजी कोसुम्नेस नदीवरून मिसुरी राज्यातल्या आपल्या बायकोला लिहिलेले पत्र जतन झाले आहे. दोन महिने स्वतःच्या हिमतीवर खणून खर्च वजा जाता तीनशे डॉलर उरले, असे तो कळवतो. काळ्या माणसांसाठी पृथ्वीवर याहून चांगली जागा नाही, काम करावे आणि पैसा मिळवावा, असा त्याचा सूर आहे.

हे पत्र मी अनेकदा वाचले. मिसुरी हे गुलामीचे राज्य. तिथल्या काळ्या बाईला हे पत्र मिळाले तेव्हा तिला काय वाटले असेल? शहरात गेलेला पहिला माणूस वाड्यावस्तीवर जे कळवतो तेच हे आहे : इथे कोणी जात विचारत नाही, या. त्या वाक्यात आशा असते, थोडी बढाई असते आणि घरच्यांना काळजी नको म्हणून गिळलेले पुष्कळसे असते. कारण ब्राउन हे लिहीत होता तेव्हा कॅलिफोर्नियात काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याच्या विरुद्ध कोर्टात चालत नव्हती. १८५० च्या कायद्याने ती बंद केली होती. पत्र लिहून काही महिने होतात न होतात तोच १८५२ साली तिथे पळालेल्या गुलामांना धरून परत देण्याचा कायदा झाला. राज्यघटनेत तर गुलामीला बंदी होती! घटनेत समता आणि गावात तुडवणूक, हा संसार आपल्या परिचयाचा आहे.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे काय? दक्षिणेकडचे शेकडो काळे गुलाम मालकांबरोबर खाणींवर आणले गेले. गुलामाला अक्षर शिकवणे हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. या मालकांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी कधी कधी एक-दोन ओळी येतात : अमक्याने आपल्या बायकोला सलाम सांगितला आहे, मुलांची विचारपूस केली आहे. बस. एका माणसाचे सारे पत्रवाङ्मय म्हणजे दुसऱ्याच्या पत्राची शेपटी! आणि ती ओळही मालकाच्या कानातून, मालकाच्या हातातून, पुढे मालकिणीच्या तोंडून बायकोपर्यंत जाणार. अशा ओळीत तो काय सांगू शकणार होता? 'मी पळून जाण्याच्या विचारात आहे' हे सांगू शकणार होता? 'मला मारतात' हे सांगू शकणार होता?

हे आपल्यालाही नवे नाही. आपल्या वस्त्यांत पत्र आले की ते मास्तराकडे नाही तर पोस्टमनकडे नेऊन वाचून घ्यावे लागे. उत्तरही त्याच्याकडूनच लिहवून घ्यायचे. नवऱ्याला बायकोचे मन कळायचे ते सगळ्या आळीने ऐकल्यानंतर. म्हणून त्या पत्रांत 'सर्व खुशाल' एवढेच असे. समीक्षक म्हणतील, अनुभव तोकडा आहे. अनुभव तोकडा नव्हता, एकांत नव्हता. खाजगीपणा हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आल्विन कॉफी या गुलामाची हकीगत पाहा. १८४९ साली मालकाबरोबर तो खाणींवर आला. दिवसा मालकासाठी सोने काढले, हजारो डॉलर मिळवून दिले. रात्री व सुटीच्या वेळी स्वतःसाठी कष्ट करून काही शे डॉलर साठवले. मालकाने परत नेताना ती पुंजीही काढून घेतली आणि घरी पोचल्यावर त्याला विकून टाकले. तो पुन्हा कॅलिफोर्नियात आला, नव्या मालकाला ठरलेली रक्कम देऊन सुटला आणि मग बायको-मुलांना एकेक करून विकत घेऊन सोडवले. आपलीच माणसे विकत घेण्यासाठी ज्याला सोने लागले, त्याच्या सोन्याची आणि स्वेनच्या सोन्याची किंमत एकाच बाजारभावाने कशी लावायची? पहिल्या वसाहतकऱ्यांच्या संस्थेने पुढे कॉफीला सभासद करून घेतले आणि त्याने आपली आठवण लिहून ठेवली. पण ती म्हातारपणी. तरुणपणीचा मजकूर बुडाला तो बुडालाच.

५

इथपर्यंत मांडणी सोपी होती : गोरा लिहितो, बाकीचे मुके. पण इतिहास इतका सोपा नसतो, आणि आपण तो सोपा करू नये. लिहिणारे खालच्यांतही होते. त्यांनी काय लिहिले, हा खरा अडचणीचा भाग आहे.

जॉन रोलिन रिज हा चेरोकी जमातीचा लेखक. चेरोकींकडे काय नव्हते? १८२० च्या दशकात सेक्वोयाने त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली, १८२८ पासून त्यांचे स्वतःचे वर्तमानपत्र निघू लागले. लिहिता हात होता, वाचते घर होते, पत्ता होता. पण त्यांच्या जॉर्जियातल्या जमिनीत सोने सापडले. राज्याने ती जमीन सोडतीने गोऱ्यांना वाटली, चेरोकींची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालणार नाही असा कायदा केला आणि १८३८-३९ मध्ये सारी जमात सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकलली. वाटेत हजारो मेले. म्हणजे लिपी आली, छापखाना आला, तरी घर वाचले नाही. शिकलात की सुटलात, असे सांगणाऱ्यांनी चेरोकींचा इतिहास वाचावा. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते एकटे म्हटले नाही; त्याच्या जोडीला संघटन आणि संघर्ष ठेवला, याचे कारण हेच.

सोन्यापायी ज्याचे गाव गेले तो रिज १८५० साली सोन्याच्याच मुलखात आला. १८५४ साली त्याने वाकीन मुरिएता या मेक्सिकन बंडखोरावर कादंबरी लिहिली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाने लिहिलेली ती पहिली कादंबरी. त्याच वर्षी नातलग स्टँड वाटीला लिहिलेल्या पत्रात तो मदत मागतो : आपल्या लोकांचे एक वर्तमानपत्र काढू, सगळ्या जमातींतली लिहिणारी माणसे त्यात आणू, आपला इतिहास गोरा लिहील तसा नव्हे तर असायला हवा तसा लिहू. हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या प्रत्येक अनियतकालिकामागे, वर्गणीची पावती पुस्तके घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यामागे हेच पत्र आहे.

आणि हाच रिज कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांना 'डिगर' म्हणतो. डिगर म्हणजे जमिनीतली मुळे खणून खाणारे. गोऱ्यांनी दिलेली ती शिवी. सारा मुलूख सोन्यासाठी खणून काढणाऱ्यांनी मुळांसाठी खणणाऱ्यांना खणणारे म्हणून हिणवावे! रिजने त्यांच्या संरक्षणाची भाषाही केली, पण ते आपल्यापेक्षा हीन आहेत हे गृहीत धरूनच. त्याच्या घराण्याने काळे गुलाम राखले होते आणि पुढच्या राजकारणात तो गुलामीवाद्यांच्या बाजूला उभा राहिला.

चिन्यांचेही तेच. १८५२ साली एका वर्षात सुमारे वीस हजार चिनी आले तेव्हा गव्हर्नर बिगलर त्यांच्यावर उलटला. त्याला नॉर्मन असिंग या चिनी व्यापाऱ्याने मे महिन्यात वर्तमानपत्रातून जाहीर पत्र लिहिले. कातडीच्या उच्चकुलीनतेवर त्याने जो हल्ला चढवला आहे तो आजही ताजा वाटतो. पण त्याच पत्रात तो हेही बजावतो की, आमचा काळ्यांशी वा तांबड्यांशी तुमच्याइतकाच संबंध! आम्हाला त्यांच्या पंगतीला बसवू नका. दोनच वर्षांनी, १८५४ साली, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात निकाल दिला की चिनी माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध घेता येणार नाही. 'इंडियन' आणि काळे यांना लावलेल्या कलमातच चिनी येतात, असे ठरले. ज्या पायरीवरून आपण वेगळे असल्याचे असिंग सांगत होता, त्याच पायरीवर कोर्टाने त्याला नेऊन बसवले.

बाबासाहेबांनी हिला पायरीपायरीची विषमता म्हटले. प्रत्येकाला वरच्याचा राग आणि खालच्याचा तिटकारा. म्हणून सगळे मिळून कधी उठत नाहीत. जातिव्यवस्थेचे हे तंत्र केवळ आपलेच आहे असे आपण समजतो. कॅलिफोर्नियाच्या पत्रांतून दिसते की, शोषण जिथे जिथे स्थिर होते तिथे तिथे ते जिने बांधते, आणि लेखकही त्या जिन्यावर उभे राहूनच लिहितात.

६

सर्वांत खाली होते ते कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी. सोने सापडले तेव्हा त्यांची संख्या सुमारे दीड लाख होती. १८७० पर्यंत ती तीस हजारांच्या आसपास उरली. रोग, उपासमार, गुलामी आणि सरळ कत्तल. १८५० च्या कायद्याने त्यांची मुले गोऱ्यांकडे कामाला बांधता येत होती, 'भटका' ठरवलेल्या माणसाच्या श्रमाचा लिलाव करता येत होता. या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता! १८५१ च्या जानेवारीत पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट याने विधिमंडळाला सांगितले की, हा वंश नष्ट होईपर्यंत युद्ध चालूच राहणार.

त्यांनी घरी पत्रे लिहिली नाहीत. ते घरीच होते. पण त्यांच्या खुणा असलेले कागद आहेत. १८५१-५२ मध्ये सरकारच्या प्रतिनिधींनी त्यांच्या प्रमुखांशी अठरा तह केले. सोन्याचे डोंगर सोडा, त्या बदल्यात राखीव जमीन मिळेल. लिहिता न येणाऱ्या प्रमुखांनी नावापुढे फुली मारली. १८५२ साली अमेरिकेच्या सेनेटने ते सर्व तह फेटाळले आणि गुप्त ठेवले. १९०५ पर्यंत ते बंद राहिले. फुली मारणाऱ्यांनी मात्र शब्द पाळून जमीन सोडली होती.

माझ्या दृष्टीने सोन्याच्या मुलखातले सर्वांत महत्त्वाचे पत्र हेच. त्याच्यावर सही नाही, फुली आहे. ते कधी पोचवले गेले नाही. आणि कुठल्याही पत्रसंग्रहात ते सापडणार नाही, कारण वाङ्मयाच्या व्याख्येत ते बसत नाही. तर मग व्याख्या बदलली पाहिजे.

७

शर्लीची पत्रे मासिकात छापली जात होती त्याच सुमारास, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातले काळे लोक साक्रामेंटोला परिषद भरवून साक्षीचा हक्क मागत होते. तो त्यांना १८६३ साली मिळाला. हे तिन्ही मजकूर एका रांगेत ठेवून पाहा. पहिला उत्तम लिहिलेला आहे. दुसरा आणि तिसरा साक्ष देतो. पुण्याची पोर आणि साक्रामेंटोचा काळा मजूर एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोघांचे मागणे एकच : आमचे बोलणे पुरावा म्हणून धरा.

दलित साहित्याला 'केवळ अनुभवकथन' म्हणून बाजूला सारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. ज्याची साक्ष कोर्ट घेत नाही, गाव घेत नाही, इतिहास घेत नाही, त्याने लिहिलेले पान हीच त्याची साक्ष असते. अत्याचाराच्या खटल्यांत साक्षीदार कसे फितवले जातात, दलिताची जबानी कशी 'अविश्वसनीय' ठरते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. साहित्यातही फितूर करण्याचे प्रयत्न होतात. तिथे त्याला 'कलात्मक संयम' म्हणतात.

पण रिज आणि असिंग यांचे काय? त्यांना विसरून जाणे ही आपली सोय होईल. न्याय होणार नाही. आपणही आता लिहिते झालो आहोत. आपल्या पुस्तकांना पत्ता आहे, ग्रंथालये आहेत, अभ्यासक्रम आहेत. मग आपल्या पानांच्या शेपटीला कोणाचा निरोप लटकतो आहे? बेबीताई कांबळे यांनी आपले लेखन वीसेक वर्षे घरापासून लपवून ठेवले, 'जिणं आमुचं' पुढे छापले गेले. घर हेच जिथे धाक आहे, तिथल्या बाईने घरी पत्र कोणाला लिहायचे? भटका, पारधी, गटारात उतरणारा सफाई कामगार आपल्या कवितेत येतो तो माणूस म्हणून येतो की शर्लीच्या नेडसारखा? आपल्यापेक्षा खालची म्हणून जी पायरी आपण मनात जपून ठेवली आहे, तिच्याविषयी आपण काय लिहितो? हे प्रश्न कोणी वैऱ्याने विचारण्याआधी आपणच विचारलेले बरे.

शेवटी एका वेगळ्या पत्राचा उल्लेख करतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि अस्पृश्यांची स्थिती काळ्यांशी किती मिळतीजुळती आहे ते सांगितले. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर सहानुभूतीचे उत्तर दिले. हे घरी लिहिलेले पत्र नव्हे. एका पायरीवरच्या माणसाने दुसऱ्या मुलखातल्या तशाच पायरीवरच्या माणसाला विचारले की, तुम्ही साक्ष कशी नोंदवली? फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तो सारा याच टपालाचा रस्ता.

सोनेशोधकांची पत्रे वरच्या घराकडे जात होती, आणि जाताना पायाखालची घरे पुसत होती. आपले पत्र कोणत्या दिशेने जाते आहे, हे प्रत्येक लिहिणाऱ्याने पाकिटावर पत्ता घालताना पाहावे. ते वर जाणार असेल तर फार तर कौतुक मिळेल. ते शेजारच्या आणि खालच्या वस्तीत पोचले, तर त्याचे उत्तर येईल.